उसनी माय

मंगळवारी संध्याकाळी सव्वासहाला प्रेमला रामटेकेनं क्वार्टरचं मागचं दार उघडलं, तेव्हा तारेवर लुगडं नव्हतं. ते मोरीजवळच्या धोंड्यावर होतं. काठाला काठ लावून चौघडी केलेलं, आणि उडू नये म्हणून वर विटेचा तुकडा. कुणीतरी चांगुलपणा करून गेलं होतं. प्रेमलाला चांगुलपणाची धास्ती होती. कारखान्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीन वर्षं कानाला हेडफोन लावून बसल्यावर माणसाला एवढं तर कळतंच, की जो आधी आवाजात साखर घालून तब्येत विचारतो, तोच पाठोपाठ दुसऱ्याची लाइन तोडून आपला कॉल लावायला सांगतो. तिनं विटेचा तुकडा उचलला. लुगडं खडखडीत कोरडं होतं, हिरवं, आईचं. घडीत कुठे एक चुणी नव्हती. दुसऱ्याच्या कापडाची इतकी नीट घडी कुणी उगाच घालत नाही.

"आली कावं, प्रेमला?" मधल्या भिंतीपलीकडून आवाज आला. भिंत छातीएवढी, आणि तिच्यावर शेजारच्या सिंधुताई मेश्राम दोन्ही कोपरं टेकून उभ्या, जणू पोस्टाच्या खिडकीशी. "कोळशाचा धुरळा बसून राहिला होता. म्हटलं काढून ठेवतो."

"बरं केलं."

"मायचे गुडघे कसे आहेत?"

"तसेच आहेत."

"झोपली काय?"

"पडली आहे."

"हो का." सिंधुताईंनी घरात डोकावल्यासारखं केलं, तिथून काही दिसत नव्हतं, हे दोघींना ठाऊक होतं. "परवा माघाची पुनव झाली. कौशल्याबाई वंदनेले नाही आल्या. आता हे चौथी पुनव. म्या म्हटलं, गुडघे दुखत असन बिचारीचे. पण पोरी, पुनवेच्या दुसऱ्या दिवशी तारेवर पांढरं लुगडं नाही दिसलं मले. विटकरीच होतं. दीक्षेपासून पुनवेले पांढऱ्याशिवाय दुसरं अंगाले न लावणारी बाई. गुडघे दुखले तरी लुगडं तं नेसनच न?"

प्रेमलानं घडी छातीशी धरली.

"मी कोणाले सांगून नाही राहिली," सिंधुताई म्हणाल्या, म्हणजे सांगता येईल हे त्यांनी सांगितलं. "पण गुरुवारी वाटप ऑफिसचा बाबू येऊन राहिला. घरोघर. क्वार्टरमंदी कोण कोण राहते ते पाहाले. आमच्या याहीनं ड्युटीवर आइकलं. म्हटलं तुले आधी माहीत असावं."

घरात येऊन तिनं दार लावलं, कडी घातली, आणि मधोमध उभी राहिली. एक खोली, एक स्वयंपाकाची, बाहेर ओटा, मागे अंगण आणि नळ. लग्न न झालेल्या बाईला हॉस्टेल. विधवा आई जवळ असेल तर क्वार्टर. असा नियम होता आणि त्या नियमानं आईच्या गुडघ्यांवर हे सगळं घर उभं होतं. आई पवनीजवळच्या गावी होती. दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी दुर्गहून गाडीत बसली ती आलीच नाही. तेव्हापासून रोज सकाळी ड्युटीवर जाण्याआधी प्रेमला आईचं लुगडं भिजवून, पिळून तारेवर टाकायची. एक दिवस हिरवं, एक दिवस विटकरी. तीन महिने न नेसलेली लुगडी धुऊन धुऊन तिनं विरळ केली होती. आणि एवढी हुशार पोरगी, जिला आवाजावरून माणसाचा हुद्दा कळायचा, जिला खोकल्यावरून कोण कोणाच्या ऑफिसात बसून बोलतोय ते ओळखता यायचं, ती पुनव विसरली. पांढरं लुगडं पेटीत होतं. नुसतं पाण्यातून काढून टाकायचं होतं. तिला स्वतःचा इतका राग आला की तिनं हातातली घडी खाटेवर न ठेवता फेकली, आणि फेकली तरी ती मेली उलगडली नाही.

आता या वेळेला खरं तर तिची संध्याकाळ सुरू व्हायची. ती संध्याकाळ म्हणजे काय, हे कुणाला सांगायला गेलं तर समोरचा विचारील, एवढंच? आल्यावर पहिल्यांदा डाव्या कानावर गार पाण्याचा हात. दिवसभर हेडफोनच्या दांड्यानं तो कान लाल होऊन बधिर झालेला असायचा, आणि पाण्याचा हात लागला की तो पुन्हा तिचा व्हायचा. मग दिवा न लावता पंधरा मिनिटं. फक्त पंधरा, अंधार गोळा होऊ द्यायचा आणि त्यात केसांतल्या पिना एकेक काढून खिडकीच्या कठड्यावर ओळीनं ठेवायच्या. मग स्टो. स्टोच्या आवाजाचं तिला काही वाटत नसे. तो काही विचारत नाही, होल्ड करा म्हणत नाही. सकाळचा भात लसूण आणि हिरव्या मिरचीवर परतायचा, तळाला लागू द्यायचा, आणि ताटात न वाढता तव्यातूनच खायचा. खाली करपलेला पापुद्रा उलथन्यानं खरवडून शेवटी. बाई माणसानं तव्यातून खाऊ नये, असं जिला म्हणायचं ती म्हणेल. इथे म्हणायला कुणी नव्हतं, हीच तर त्या भाताची चव. मग मागच्या पायरीवर, पाय कोमट पाण्याच्या बादलीत. साडेसातच्या सुमारास कारखान्याकडे लोखंडाच्या भट्टीची तापलेली मळी ओतली जायची आणि त्या बाजूचं आभाळ एकदम पेटून उठायचं, अंगणातली तार, नळ, तिचे भिजलेले पाय, सगळं तांबडं व्हायचं, मग हळूहळू विझायचं. बुधवारी वालाच्या शेंगा उकडून, मीठ लावून. शुक्रवारी न्हाणं. दिवसभरात तीनशे माणसं तिच्या कानात शिरून एकमेकांशी बोलत. रशियन साहेब एकेक आकडा जिभेवर तोलून मागत, कंत्राटदार शिव्या देऊन मागत, आणि कुणाचंही कुणाशी बोलणं झालं की तिला बाहेर काढत. संध्याकाळी सव्वासहा ते नऊ तिच्याशी कुणी बोलत नव्हतं. ह्यापेक्षा मोठं सुख असेल, तिनं ऐकलं नव्हतं. आणि तिनं पुष्कळ ऐकलं होतं.

त्या मंगळवारी तिनं भात परतला, पण तो ताटात घेतला. भिंतीपलीकडे सिंधुताईंची चार पोरं, सासू, नाइट शिफ्टला निघालेले त्यांचे नवरे दौलतराव, भांडी, रडणं, हाका. रोज हा गलका तिच्या कानावरून जायचा. आज त्यातलं प्रत्येक वाक्य लागलं. आपल्या तारेकडे बघत बसलेली एक बाई आपल्या सुखाच्या आतबाहेर करत होती, तीन महिने, आणि आपण समजत होतो की दार बंद आहे. सिंधुताईंनी ह्या तीन महिन्यांत काय दिलं? दोनदा दही, एकदा करवंदाचं लोणचं, बरणीसकट. काय नेलं? स्टोची पिन चारदा, एक इस्त्री, आणि आता हे. प्रेमला असा जमाखर्च डोक्यात ठेवायची आणि त्याची तिला लाज वाटत नसे. पण आज हिशोब जुळेना, कारण दह्यासमोर लिहायला योग्य अशी वस्तू तिच्याकडे एकच होती, आईची रिकामी जागा, आणि ती त्यांना दिसली होती.

रागाची एक गंमत असते, तो शेजारणीवर उठतो आणि जाऊन बसतो आईवर. आई राहिली का नाही? आठ महिने राहिली. गावात जिच्या ओट्यावर दिवसभर बाया बसत, ती इथे सकाळी साडेसातपासून संध्याकाळपर्यंत एका खोलीत भिंतीकडे बघत बसायची आणि सगळं बोलणं साठवून ठेवायची. प्रेमलाच्या चपलांचा आवाज आला की सुरू. नळाले पाणी किती वाजता आलं. मरोद्याची भाजीवाली काय म्हणाली. उतईच्या बाजारातून कोणी मोठा भोपळा आणला. कोणाच्या पोराले गोवर झाला. कान बधिर, डोकं भणाणलेलं, आणि आई भोपळा किती मोठा ते हातानं दाखवते आहे. दसऱ्याच्या आसपास एक दिवस प्रेमला म्हणाली, "माय, घडीभर चूप राह्य न. माह्या कानात जागा नाही."

इतकंच. ओरडली नाही. आई चूप झाली. घडीभर नाही, बारा दिवस. जेवायला वाढायची, पाणी ठेवायची, आणि तोंड मिटून बसायची. प्रेमलाला ते बारा दिवस, खरं सांगायचं तर, फार आवडले. तिला वाटलं, जमलं आता. तेराव्या दिवशी आई म्हणाली, "मी गावी जातो. तुह्या घरी माही गरज नाही, माह्या नावाची आहे. नाव ठेवून जातो." आणि खरंच ठेवून गेली, दोन रोजची लुगडी आणि पुनवेचं पांढरंही ठेवून गेली. ती लुगडी तारेवर टाकायची, हे आईनं सुचवलं होतं की आपल्या डोक्यातून निघालं, हे प्रेमला आता सांगू शकली नसती. कारण आठवायला गेलं की मध्ये ते वाक्य येतं, आणि ते वाक्य आलं की तिला त्या भोपळ्यासकट सगळ्या जगाचा राग येतो. बापाला पेन्शनीआधी मरायचं काय कारण होतं? वाटप ऑफिसला बाईच्या खोलीत एक म्हातारी कशाला पाहिजे? शेजारच्या ब्लॉकात चार बाप्ये एका क्वार्टरमध्ये राहतात, पत्ते कुटतात, त्यांची माय कुठे आहे ते कुणी विचारत नाही.

बुधवारी ती शेंगा घेऊन आली, तर ओट्यावर सिंधुताई होत्या आणि त्यांच्या शेजारी त्यांची सासू. मनकर्णाबाई. गाठोडं मांडीवर, काठी पायाशी, डोक्यावरून पदर कपाळापर्यंत. बसल्या होत्या, म्हणजे ठेवल्या होत्या.

"आत चाल, सांगतो," सिंधुताई म्हणाल्या आणि स्वतःच आत गेल्या. "आइक. वाकडं नको समजू. माह्या घरी सात माणसं. याहीची नाइट असली का दिवसा झोपाले खोली पायजे. लेकरं ओट्यावर. म्हातारी कोठं बसन? मोरीत? आणि तुह्या घरी एका म्हातारीची जागा रिकामी आहे. बाबू येईन, म्हातारी पाहीन, लिहून नेईन. त्याले काय माहीत कौशल्या कोणती न मनकर्णा कोणती? दोघी बी म्हाताऱ्याच."

"आणि बाबू गेल्यावर?"

"मंग राहू दे न. जेवाले मी पाठवत जाईन. तुले काही तरास नाही. ती बोलतच नाही. आइकू बी कमी येते." सिंधुताई इतकं म्हणून थांबल्या आणि मग खाली मान घालून, अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "मी काही वाईट सून नाही, प्रेमला. पण रात्री उठली तं पाय टाकाले जागा नसते. चार वर्षं झाले, मी एकटी बसून घोटभर चहा नाही पेली."

हा आवाज साखरेचा नव्हता. म्हणूनच प्रेमलाला जास्त राग आला. साखरेच्या आवाजाला नाही म्हणता येतं. दोन्ही बाजूंचा फायदा, कुणाचं नुकसान नाही, असा तो सौदा होता, आणि त्याच्या मधोमध तिच्या सव्वासहा ते नऊची किंमत कुणी धरलीच नव्हती. धरायला ती दिसते कुठे? तारेवर वाळत घालता येत नाही. ती "बघू" म्हणाली. सिंधुताईंनी ते "हो" म्हणून नेलं.

त्या संध्याकाळी शेंगा उकडल्या. म्हातारी खाटेच्या कडेला बसून होती. खरंच बोलली नाही. प्रेमलानं कान धुतला, दिवा लावला. अंधारात दुसऱ्या माणसाबरोबर पंधरा मिनिटं बसणं म्हणजे काहीतरी वेगळंच झालं असतं. ताटात शेंगा वाढून पुढे ठेवल्या. म्हातारीनं एकेक सोलून खाल्ली, सालं मुठीत गोळा केली. तिचं गप्प बसणं आईच्या बारा दिवसांसारखंच, तसंच ओठांच्या कडा आत ओढलेलं. आणि प्रेमलाला पहिल्यांदा कळलं की ती शांतता नसते. ते तोंडात धरून ठेवलेलं बोलणं असतं. त्या बारा दिवसांत आपण ते सुख म्हणून खाल्लं. तिनं हातातली शेंग ताटात ठेवली. रागही कुणावर काढावा ते कळेना, म्हणून तो तिनं स्टोवर काढला. चावी इतकी जोरात फिरवली की भक्कन वास सुटला.

"हळू कर," म्हातारी म्हणाली. "वायसर जाईन."

"तुमाले आइकू येते?"

"येते. त्या घरी मले आइकू येत नाही. आलं तं रोज भांडण होते." तिनं सालं ताटात टाकली. "मले पुसलं नाही कोणी. गाठोडं बांध म्हटलं, बांधलं. गावाहून आणलं तवाबी असंच बांध म्हटलं होतं."

मग ती भिंतीकडे तोंड करून आईच्या जागी आडवी झाली. साडेसातला आभाळ पेटलं. प्रेमला पायरीवर गेली नाही.

गुरुवारी संध्याकाळी सातला बाबू आला. बाबुलाल नाव, पायजम्याला सायकलचा क्लिप, काखेत लांबडं रजिस्टर, कानावर पेन्सिल. सकाळपासून त्रेचाळीस घरं करून आलेला माणूस. त्याला कुणाचं काही पकडायचं नव्हतं, फक्त घरी जायचं होतं. हे त्याच्या उभं राहण्यावरून दिसत होतं, आणि आवाज तर तिच्या ओळखीचाच निघाला, एरवी दुपारी तीनदा स्टोअरची लाइन मागणारा. त्याच्या पाठोपाठ सिंधुताई आल्या, पदराला हात पुसत, सहज आल्यासारख्या.

"रामटेके मैडम, आश्रित एक. कौशल्याबाई, माता." त्यानं खाटेकडे पाहिलं. "यही हैं?"

"हाँ हाँ, यही है," सिंधुताई म्हणाल्या.

"अम्मा, आपका नाम बताइए."

म्हातारीनं मांडीवरच्या गाठोड्याची गाठ ओढून घट्ट केली.

"इनको सुनाई नहीं देता," सिंधुताई म्हणाल्या.

म्हातारीनं वर पाहिलं. सिंधुताईंकडे नाही, बाबुलालकडे नाही, प्रेमलाकडे. त्या नजरेत विनवणी असती तर प्रेमला खोटं बोलली असती, विनवणीला नाही म्हणण्याइतकी ती कधीच घट्ट नव्हती. पण तिथे राग होता. जुना, घोटून घोटून गुळगुळीत झालेला. सांग तुला सांगायचं ते, मी कोणाच्याही यादीत बसेन, मला कधी कोणी विचारलंय. प्रेमलाला वाटलं, नियम असा, की ह्या घरात एक गप्प बसवलेली म्हातारी पाहिजे. एक पळाली तर दुसरी. आणि ती तशी बसली तरच आपल्याला कान धुवायला नळ. होय म्हटलं की क्वार्टर राहतं. आणि रोज सव्वासहाला दार उघडलं की हे तोंड. नाही म्हटलं की हॉस्टेल. सहा खाटा, एक आरसा, नऊला दिवे बंद, आणि झोपेत बोलणाऱ्या पोरी.

"ये मेरी माँ नहीं है," ती म्हणाली.

बाबुलालची पेन्सिल थांबली. तो भला माणूस होता. "मैडम, मैंने सुना नहीं," तो सावकाश म्हणाला. "बाहर गाड़ी जा रही थी."

"सुना है आपने. मेरी माँ गाँव में है, दिवाली के बाद से. यहाँ मैं रहती हूँ. अकेली. लिखिए."

"लिखूँगा तो एक महीने में खाली करना पड़ेगा. फिर हॉस्टल."

"मालूम है. लिखिए."

त्यानं लिहिलं. "अकेली" कुठल्या रकान्यात लिहायचं ते त्याला पटकन सापडेना. शेवटी त्यानं आश्रितांच्या रकान्यावर आडवी रेघ मारली, सही घेतली आणि पंचेचाळीसाव्या घराकडे गेला. त्रेचाळीसावं सिंधुताईंचं होतं, ते त्यानं आधीच केलं होतं.

"येडी झाली कावं तू!" सिंधुताई ओरडल्या. "हातातलं घर! तोंडानं दिलं! तुह्यासाठी म्या पाप करून राहिली होती, आणि तू मले तोंडघशी पाडलं!"

"माह्यासाठी नाही," प्रेमला म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तो कापतोय ह्याचाही तिला राग आला. "तुमाले चहा प्याले जागा पायजे होती. खरी गोष्ट आहे, मी नाही म्हणत नाही. पण त्याच्यासाठी तुमी माणूस उसनं देऊन राहिल्या, सिंधुताई. स्टोची पिन दिल्यासारखं. आणि मी घेऊन राहिली होती."

"मोठी आली शहाणी. राह्य आता हॉस्टेलात."

"राहीन."

सिंधुताई गेल्या, जाताना त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी दार आपटलं. पलीकडे एका पोराला धपाटा बसला, पोरगं कळवळून रडलं. खाटेवरची म्हातारी हलली नव्हती.

"महिना भेटला न?" ती म्हणाली.

"हो."

"दिवसा तू नसतं."

"साडेसातले जातो. सव्वासहाले येतो."

"मंग दिवसा मी येतो." म्हातारीनं काठी जवळ ओढली. "तुही माय बनून नाही. कोणाची काही बनून नाही. बसाले येतो. आज दुपारी तू नव्हती, ती लेकरं शाळेत, तं मी इथं बसली होती. कोणी मले उठ म्हटलं नाही. सरक म्हटलं नाही. एवढी मोठी दुपार म्या कधी पाहिली नाही."

प्रेमलाच्या ओठांवर "नाही" आलं होतं. तीस दिवस उरले होते, आणि त्यांनाही वाटेकरी. आज तिला एकही माणूस, एकही मागणी, एकही खरी गोष्ट नको होती. पण म्हातारी मागत नव्हती, सांगत होती. आणि तिला जे हवं होतं ते प्रेमलाचं नव्हतंच. दुपार तिनं कधी ह्या घरात काढली नव्हती.

"माह्या तव्याले हात लावायचा नाही," ती तुटकपणे म्हणाली.

"मले काय करायचा तुहा तवा."

"आणि सहाच्या आत जायचं. मी येईन तवा घरात कोणी नाही पायजे. बोलायचं नाही, थांबायचं नाही."

"मी कायले थांबू? दिवसभर एकटी राहिल्यावर मले तरी कोणाचं तोंड पाहावं वाटन काय?"

"आता सात वाजून गेले."

"मंग जातो," म्हातारी म्हणाली, आणि गाठोडं उचलून उठली.